मॅडिसनला नव्यानं जाताना: आधी कॅम्पस पायी, मग थ्रिफ्ट स्टोअर

लेकीला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात बॅगा भरण्यावरून दोन महिने खल चालला. तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि यादी ट्रकभर. मी तिला सोडायला ऑगस्टमध्ये गेले, तीन आठवडे राहिले. पुढे दीड वर्षानं फेब्रुवारीत पुन्हा गेले. या दोन खेपांत जे पाहिलं, जे चुकलं आणि तिथल्या मुलांकडून जे शिकले, ते नव्यानं जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि सोबत जाणाऱ्या आईवडिलांसाठी क्रमानं लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. पहिले दोन दिवस काहीही विकत घेऊ नका. नुसतं चाला.

निघण्याआधी

मिक्सर नेऊ नका. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, तिकडे १२०. फोनचे आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, मिक्सर आणि इस्त्री चालत नाहीत. ताटं, वाट्या, कढया, पेले यांचं वजनही वाहू नका, ते सगळं तिथे जुन्यात मिळतं. न्यायचा तो कुकर, सपाट बुडाचा, कारण बऱ्याच घरांत विजेची शेगडी असते. आणि त्याच्यासोबत जास्तीच्या दोन रिंगा. पोळपाट-लाटणं, सांडशी आणि मिसळणाचा डबा न्या. या गोष्टी तिथल्या कुठल्याच दुकानात मला दिसल्या नाहीत. एक सोलापुरी चादर न्या, पांघरायला. गादीवर घालायची चादर मात्र नेऊ नका. तिकडच्या गाद्या जाडजूड असतात, त्यांना चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर लागते आणि मापंही वेगळी असतात.

थंडीचा कोट इथून घेऊ नका, हे अधोरेखित करून सांगते. आमच्या बाजारात 'एकदम जाड' म्हणून मिळालेलं जॅकेट तिथल्या नोव्हेंबरातच कमी पडलं. कोटाबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

पहिला दिवस: टेकडी

शिकागोहून बस तीन-साडेतीन तासांत मॅडिसनला आणते. पोचल्यावर झोप उलटीपालटी होते आणि पहाटे चारला टक्क जाग येते. अंथरुणात तळमळत पडू नका. ऑगस्टात सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा बाहेर पडा.

गावाची रचना एकदा डोक्यात बसली की रस्ता चुकत नाही. मेंडोटा आणि मोनोना अशी दोन सरोवरं, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर राज्याचं विधान भवन, पांढऱ्या ग्रॅनाइटच्या घुमटाचं. तिथून स्टेट स्ट्रीट नावाचा रस्ता सरळ विद्यापीठाकडे जातो. त्यावर खासगी मोटारींना वाव नाही, बस, सायकली आणि पायी चालणारी माणसं. विधान भवनाकडे पाठ करून पंधरा-वीस मिनिटं चाललात की समोर हिरवळीचा चढ येतो. ती बॅस्कम टेकडी.

मी सवयीनं फाटक शोधत होते. आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की कमान, पहारेकरी, 'कुठं जायचंय?' हा प्रश्न. इथे कमान नाही, कुंपण नाही. नऊशे एकरांहून मोठा परिसर, आणि गाव कुठे संपलं, विद्यापीठ कुठे सुरू झालं ते कळतच नाही. मी साडी नेसून, पायात बूट घालून, सकाळी साडेसहाला एकटी त्या टेकडीवर फिरत होते आणि कुणी हटकलं नाही. समोरून येणारा प्रत्येक जण हसून 'गुड मॉर्निंग' म्हणत गेला. आईवडिलांनो, बुजू नका. इमारतींच्या तळमजल्यावर, संग्रहालयांत, खाण्याच्या जागी पाहुण्यांना सहसा मोकळीक असते. प्रयोगशाळा आणि वसतिगृहं मात्र कार्डाशिवाय उघडत नाहीत, तिथे दाराशी घोटाळू नका.

चढताना उजव्या अंगाला नॉर्थ हॉल लागतो, १८५१ सालची इमारत, विद्यापीठाची पहिली. विद्यापीठाची स्थापना १८४८ची, विस्कॉन्सिन राज्याचीही तीच. वर बॅस्कम हॉलसमोर अब्राहम लिंकन खुर्चीत बसलेले आहेत, ब्राँझचे. हा पुतळा १९०९ सालचा. परीक्षेच्या आधी मुलं त्यांच्या पायाला हात लावून जातात, म्हणून तेवढाच बूट चकाकतो. लेकीनं लावला. मीही लावला, अगदी वाकून, आणि शेजारून जाणारा एक मुलगा थबकून थांबला.

लिंकनला भेटून लगेच खाली उतरू नका. बॅस्कम हॉलच्या दारापाशी भिंतीवर एक धातूची पाटी आहे, ती शांतपणे वाचा. गोष्ट अशी. रिचर्ड इलाय नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर संपांना आणि समाजवादाला पाठिंबा दिल्याचा आरोप झाला. १८९४ साली विद्यापीठाच्या नियामक मंडळानं चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं आणि निकालात लिहिलं की इतरत्र विचारांवर काहीही बंधनं असोत, या विद्यापीठानं सत्य शोधण्यासाठी निर्भयपणे चाळत आणि पाखडत राहण्याला कायम उत्तेजन द्यावं. १९१० साली पदवी घेणाऱ्या वर्गानं ती वाक्यं धातूत कोरून घेतली, आणि पाटी भिंतीवर लागायला १९१५ उजाडलं.

लेक मला अर्थ सांगत होती. 'आई, सिफ्टिंग अँड विनोइंग म्हणजे...' मी म्हटलं, मला कळलं. चाळणं आणि पाखडणं. ज्वारीचं सूप हातात धरून माझी अर्धी हयात गेली आहे. फोल उडवायचं, खडे मागे ठेवायचे, आणि हे सगळं हळूहळू, कारण झटका दिला की दाणेही जातात. ज्ञानासाठी कुणी हाच शब्द वापरला आहे हे पाहून मला इतका आनंद झाला की त्या पाटीसमोर मी दहा मिनिटं उभी होते.

दुसरा दिवस: तळ्याकाठ

बॅस्कम हॉलच्या मागून पश्चिमेकडे गेलात की वेधशाळेची टेकडी लागते. तिथे गवताखाली मातीचे उंचवटे आहेत. लक्ष नसेल तर सहज ओलांडून जाल. ते हजारेक वर्षांपूर्वी मूळ रहिवाशांनी रचलेले आकार आहेत, एक पक्षी आणि एक दोन शेपट्यांचा जलदेव. इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक या प्रदेशाला चार सरोवरांचा देश म्हणतात. १८३२च्या तहात हा मुलूख त्यांच्याकडून घेतला गेला. त्या उंचवट्यांवर पाय देऊ नका, बाजूनं जा. आपण देवळाच्या चौथऱ्यावर चपला घालून चढत नाही, तसंच हे.

तिथून खाली उतरलं की मेंडोटा. जवळपास चाळीस चौरस किलोमीटर पाणी. काठानं झाडीतून जाणारी पायवाट थेट पिकनिक पॉइंटपर्यंत नेते. तो जमिनीचा एक लांबुळका सुळका आहे, सुमारे मैलभर पाण्यात घुसलेला. टोकाला जाऊन यायला आरामात दीड-दोन तास लागतात. पाणी आणि टोपी घ्या, ऑगस्टात ऊन आणि दमट हवा दोन्ही असतं. चालवत नसेल तर ८० नंबरची बस कॅम्पसभर फिरते आणि तिला तिकीट नाही. माझे गुडघे दुसऱ्या दिवशी कुरकुरायला लागले तेव्हा मी तिच्यात बसून दोन पूर्ण फेऱ्या मारल्या. ज्येष्ठांसाठी तर मी तीच फेरी आधी सुचवीन.

संध्याकाळ मेमोरियल युनियनच्या टेरेसवर घालवा. १९२८ची इमारत, मागे तळ्याकाठी पायऱ्यापायऱ्यांचा सज्जा, आणि हिरव्या, पिवळ्या, नारिंगी रंगाच्या लोखंडी खुर्च्या, पाठीवर उगवत्या सूर्याची नक्षी असलेल्या. बसायला पैसे नाहीत, काही विकत घ्यायची सक्ती नाही. घरून डबा नेऊन खाल्ला तरी चालतं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सूर्य आठच्या सुमारास पाण्यात गेला.

संग्रहालयं दोन सांगते, दोन्ही फुकट: चित्र-शिल्पांचं चेझन, आणि भूगर्भशास्त्राचं, जिथे मॅस्टोडॉन या हत्तीच्या प्राचीन भाऊबंदाचा सांगाडा उभा आहे.

बॅबकॉकचं आइसक्रीम आणि आपली फॅट

हा थांबा आमच्यासारख्या दूधवाल्या घरातल्यांनी चुकवू नये. विद्यापीठाची स्वतःची डेअरी आहे, बॅबकॉक हॉलमध्ये, आणि तिथलं आइसक्रीम गावात नावाजलेलं आहे. पण मला तिथे खेचून नेलं ते नावानं. स्टीफन बॅबकॉक या विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ होते. १८९०मध्ये त्यांनी दुधातली स्निग्धता मोजायची सोपी आणि स्वस्त पद्धत काढली. त्याआधी दूध नुसतं मापानं विकलं जाई, त्यामुळे पाणी घालणारा आणि न घालणारा एकाच दरानं पैसे नेत. बॅबकॉकनी पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, सगळ्यांना खुली ठेवली. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ डेअरीवर 'आज फॅट किती लागली?' हे विचारल्याशिवाय दिवस जात नाही. त्या प्रश्नाचं मूळ या इमारतीपाशी आहे हे लेकीला सांगताना माझा गळा भरून आला. तिचं पहिल्या वर्षाचं शुल्क म्हशींच्या दुधावर उभं राहिलं आहे.

जीवरसायनशास्त्र शिकायला जाणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं. हरगोविंद खुराना १९६० ते १९७० इथे काम करत होते, आणि १९६८चं नोबेल त्यांना इथे असतानाच मिळालं.

पंधरा ऑगस्ट

आता खरेदीकडे वळते. मॅडिसनमध्ये कॅम्पसजवळच्या बहुतेक घरांचे करार चौदा ऑगस्टला संपतात आणि नवे पंधराला सुरू होतात. म्हणजे एका रात्रीपुरते शेकडो विद्यार्थी बेघर, आणि रस्त्याकडेला टेबलं, खुर्च्या, कपाटं, दिवे यांचे ढीग. तिथे याला 'हिप्पी ख्रिसमस' म्हणतात. ठेवलेलं कुणीही उचलावं, त्यात चोरी नाही आणि लाजही नाही. आपल्याकडे झेंडावंदन चालू असतं, त्याच दिवशी आम्ही दोघी एक लाकडी अभ्यासाचं टेबल तीन चौक ओलांडून नेत होतो. अर्ध्या वाटेत दोन अनोळखी मुलांनी दुसरी बाजू धरली.

पण नियम पाळा. लाकूड, धातू, प्लास्टिक, काच: हे चालेल. गादी, उशी, कापडी सोफा: कितीही नवा दिसला तरी नाही. कारण ढेकूण. आपण ढेकणांना जुन्या काळचा त्रास समजतो, पण अमेरिकेतल्या गावांत ते भरपूर आहेत आणि एकदा घरात शिरले की घालवायला पगार जातो. लाकडी वस्तूचेही सांधे, खणांच्या मागच्या बाजू आणि स्क्रूची भोकं मोबाईलच्या उजेडात बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ती वस्तू होती तिथे ठेवा. गादी नवीच घ्या. माझ्या मते पैसे खर्च करायची ती एकमेव जागा आहे.

थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे काय

लोकांनी दान दिलेल्या वस्तू स्वस्तात विकणारं दुकान, आणि नफा संस्थेच्या कामाला. मॅडिसनमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची अशी बरीच दुकानं आहेत. गावात त्यांना लाडानं 'सेंट व्हिनीज' म्हणतात. याच संस्थेचं गरजूंसाठी धान्य-किराण्याचं भांडारही चालतं. विलियमसन स्ट्रीटवरच्या दुकानात भांडी, कपडे, फर्निचर नीट मांडलेलं असतं. साउथ पार्क स्ट्रीटवरचं 'डिग अँड सेव्ह' निराळं आहे. तिथे मोठमोठ्या पेट्यांत माल ओतलेला असतो, आपण खणायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. त्यांचा पौंड म्हणजे आपले साडेचारशे ग्रॅम. विद्यापीठाचंही जुन्या सामानाचं केंद्र आहे, व्हेरोना या शेजारच्या गावात. टेबलं, खुर्च्या, संगणकाचे पडदे मिळतात, पण ते ठराविक वेळीच उघडं असतं, वेळ बघून आणि कुणाची तरी गाडी ठरवूनच जा.

इथे मनातली एक गाठ सोडवावी लागते. माझी होती, म्हणून लिहिते. दाराशी बोहारीण यायची, तिला जुने कपडे द्यायचे आणि बदल्यात पातेलं घ्यायचं, हे मी लहानपणापासून पाहिलं. पण ते कपडे पुढे कुणीतरी अंगावर घालतं, आणि ते कुणीतरी आपण असू शकतो, हे कधी मनात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी दुकानाच्या दाराशीच उभी राहिले. 'लोकांचं उतरलेलं' माझ्या मुलीनं का घालावं, असं वाटून पोटात तुटत होतं. लेक आत गेली. थोड्या वेळानं मीही गेले. आत एक म्हातारे प्राध्यापक वाटावेत असे गृहस्थ दिव्याची शेड निवडत होते, एक तरुण आई बाळाचे कपडे बघत होती, आणि दोन मुली हसत हसत टोप्या घालून पाहत होत्या. कुणाच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं. तासाभरानं मी भांड्यांच्या मांडणीसमोर मांडी घालून बसले होते.

पाखडायचं कसं

आत गेल्यावर आधी पूर्ण दुकान एकदा फिरा, रिकाम्या हातानं. मग यादी काढा. डॉलरचे रुपये करत बसू नका. तसं केलंत तर दोन डॉलरचं पातेलंही महाग वाटेल आणि उपाशी परताल. तीच वस्तू तिथे नवी केवढ्याला आहे, तेवढंच ताडून बघा.

स्वयंपाकघरापासून सुरू करा. ओतीव लोखंडी तवा दिसला तर डोळे मिटून घ्या. तिकडे त्याला 'कास्ट आयर्न' म्हणतात. गंज असला तरी चालेल, घासून, तेल लावून, तापवून तो पुन्हा काळाभोर होतो. आम्हाला मिळालेल्या तव्यावर भाकरी अशी फुगली की खोलीतल्या तिन्ही मुली बघायला आल्या. तडा गेलेला तवा मात्र नको. उलटा धरून टिचकी मारा, आवाज घुमला तर चांगला, बद्द आला तर ठेवून द्या. ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी घेऊ नका. जुनी, भडक रंगवलेली चिनी मातीची भांडी शोभेला घ्या, त्यात खाऊ नका, रंगात शिसं असू शकतं. डब्यांसाठी बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बरण्या ढिगानं मिळतात.

विजेची वस्तू लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. मी हे शिकले ते पदरचे पैसे घालवून, एका दुकानातून आणलेला टोस्टर घरी तापलाच नाही. दुकानात कुठेतरी तपासायला प्लग ठेवलेला असतो, दिसला नाही तर विचारा. 'कॅन आय टेस्ट धिस?' एवढं पुरतं. वायर सोललेली असेल तर चालू होऊनही उपयोग नाही. खोली तापवायचा हीटर जुना कधीच घेऊ नका.

कपडे उजेडाकडे धरून बघा: काखा, कॉलर, चेन, खिशांचं अस्तर. मापाच्या आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, घालूनच बघा. मोजे आणि आतले कपडे नवेच घ्या. घरी आणलेला प्रत्येक कपडा पिशवीतून थेट धुण्याच्या यंत्रात आणि मग वाळवण्याच्या यंत्रात, सगळ्यात जास्त उष्णतेवर किमान अर्धा तास. ढेकूण आणि त्यांची अंडी त्या उष्णतेनं मरतात. लोकर मात्र आटते, त्यामुळे लोकरी कपड्याची आतली चिठ्ठी वाचून ठरवा.

पैसे देताना चिठ्ठीवरच्या किमतीवर विक्रीकर चढू शकतो. तिथला दर साडेपाच टक्के आहे. घासाघीस करू नका, पैसा दानाच्या कामाला जातो. काही दुकानांत आठवड्याला एका रंगाच्या चिठ्ठीवर सवलत असते, दाराशी पाटी बघा.

कोट

हा सप्टेंबरातच शोधा. नोव्हेंबरात सगळे जागे होतात आणि चांगले कोट संपतात. फेब्रुवारीत मी गेले तेव्हा उणे दहा हे रोजचं होतं, मेंडोटा काठापासून काठापर्यंत गोठलेलं होतं आणि लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते. ज्या पाण्यात मी सूर्य बुडताना पाहिला होता त्यावरून मी चालले.

बघायचं ते असं. कोट मांडीपर्यंत यावा. आत पिसांचं भरण असेल तर मुठीत दाबून सोडा, लगेच फुगून आला पाहिजे. टोपी जोडलेली हवी, मनगटापाशी घट्ट हवा, चेनवर वाऱ्यासाठी पट्टी हवी. आत एक स्वेटर घालून माप बघा. बुटांचे तळवे वाकवून बघा, भेगा पडलेल्या दिसल्या तर बर्फात पाणी आत येणार. लेकीचा गडद निळा कोट आम्हाला एका जेवणाच्या किमतीत मिळाला. तीन हिवाळे तोच चालला आहे.

शनिवारची भाजी

एप्रिल ते नोव्हेंबर दर शनिवारी सकाळी विधान भवनाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे गर्दी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरते. आपले पाय सवयीनं प्रदक्षिणेच्या दिशेला वळतात आणि मग समोरून लोंढा अंगावर येतो. डावीकडून नाही, उजवीकडून सुरुवात करा. मेथी क्वचित मिळते, पण बीट, मुळे आणि त्यांचा पाला ताजा मिळतो, आणि मक्याची कणसं आपल्यापेक्षा गोड.

परत देताना

शिक्षण संपलं की सामान रस्त्यावर टाकून निघू नका. दुकानांना देणग्या घ्यायचं वेगळं दार असतं, बहुधा बाजूला किंवा मागे. वेळ ठरलेली असते, बंद दाराशी पिशव्या ठेवून जाऊ नका, पावसानं सगळं वाया जातं. कपडे धुऊन, घडी घालून द्या, बुटांच्या जोड्या नाडीनं बांधा, भांड्यांची झाकणं चिकटपट्टीनं लावा. गाद्या ते सहसा घेत नाहीत, आधी विचारा. पावती हवी का असं विचारतात, कर भरणाऱ्यांना तिचा उपयोग होतो.

फेब्रुवारीत मी माझ्यापुरता एक करडा कोट घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी तो धुऊन, वाळवून, घडी घालून मागच्या दारी नेला. आमच्या गावात त्याचं काय करणार? काउंटरमागच्या बाईंनी तो उलगडला, चेन वर-खाली करून पाहिली, खिशात हात घालून बघितले, अस्तर उजेडाकडे धरलं आणि मान हलवून डाव्या गाड्यात टाकला, विकायच्या.